आधी वेळ विचारा, मग लॉग उघडा

तिकीट, म्हणजे युजरची नोंदवलेली तक्रार, आलं की युजरला माझा पहिला प्रश्न असतो, “नेमकं किती वाजता झालं?” समोरचा माणूस जरा गोंधळतो. त्याला वाटतं मी मशीनचं नाव विचारेन, एररचा फोटो मागेन. तेही मागते, पण नंतर. मशीनवरचा एजंट, म्हणजे सर्व्हरचं ऐकून सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्रॅम, आपल्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलींत, दिवसभर काही ना काही लिहीत असतो. वेळ माहीत नसेल तर त्या हजारो ओळींत कुठं थांबायचं हेच कळत नाही. वेळ कळली की वाचायच्या ओळी पन्नास-साठ उरतात.

मी डेस्कटॉप सपोर्टमध्ये १२ वर्षं काम करते आहे. सुरुवातीची दोन वर्षं माझ्याकडे एकच उपाय होता: एजंट काढा, रिबूट करा, पुन्हा बसवा. काही मशीन त्यानं सुरळीत व्हायची. पण बिघाड कशानं झाला ते कळायचं नाही, आणि तेच तिकीट पुढच्या महिन्यात दुसऱ्या मशीनवरून यायचं. लॉग वाचायला लागले तेव्हा समजलं की बऱ्याचदा एजंटचा काहीच दोष नसतो. तो बिचारा आपल्याला काय अडलं ते स्वच्छ लिहून ठेवतो, आणि आपण ते न वाचताच त्याला काढून टाकतो.

इथं मी मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरबद्दल (कंपनीतल्या मशीनवर सॉफ्टवेअर आणि पॅच पाठवणारी यंत्रणा) लिहिते आहे, कारण माझा हात त्यावर बसलेला आहे. इंट्यून या मायक्रोसॉफ्टच्याच क्लाउडवरच्या यंत्रणेबद्दलही थोडं येईल. वाचायची पद्धत मात्र कुठल्याही एजंटला लागू पडते. फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देते आहे, फोल्डरात ती इंग्रजीत दिसतील.

हात लावण्याआधी कॉपी

वेळ कळल्यावर लगेच सर्व्हिस रीस्टार्ट करायचा मोह आवरा. आधी लॉगचा अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या क्लायंटचे, म्हणजे मशीनवरच्या एजंटचे, लॉग सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरात, त्यात सीसीएम, त्यात लॉग्ज इथं असतात. क्लायंट बसवतानाचे लॉग वेगळे, ते विंडोज फोल्डरातच सीसीएमसेटअप, त्यात लॉग्ज इथं. इंट्यूनचा एजंट आपले लॉग प्रोग्रॅमडेटामध्ये मायक्रोसॉफ्ट, त्यात इंट्यूनमॅनेजमेंटएक्स्टेन्शन, त्यात लॉग्ज इथं ठेवतो. प्रोग्रॅमडेटा हा फोल्डर लपवलेला असतो, त्यामुळे पत्ता टाइप करूनच जा.

घाई एवढ्यासाठी की क्लायंटचा प्रत्येक लॉग मुळात २,५०,००० बाइटपर्यंतच वाढतो. तो भरला की जुनी फाइल नाव बदलून बाजूला ठेवली जाते, आणि अशी जुनी फाइल एकच राहते. पुन्हा भरला की तीही गेली. त्यातून तुम्ही एजंट पुन्हा बसवलात तर नव्या नोंदींचा पूर येतो आणि ज्या दहा मिनिटांत खरी गोष्ट घडली ती आधी पुसली जातात. मशीन फॉरमॅट केलं तर बोलायलाच नको.

ही मर्यादा वाढवता येते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, सीसीएम, लॉगिंग, ॲट-ग्लोबल या कीमध्ये लॉगमॅक्ससाइझ आणि लॉगमॅक्सहिस्टरी या दोन नोंदी असतात. क्लायंट बसवतानाच या किमती देता येतात. मी नव्या मशीनवर पहिली ५ एमबी आणि दुसरी ३ ठेवते. डिस्कवर तेवढ्या जागेनं काही फरक पडत नाही, आणि सोमवारी आलेल्या तिकिटाचा शुक्रवारचा लॉग हाताशी असतो.

त्याच कीमध्ये लॉगलेव्हल आहे. ती मुळात १ असते, ० केली की एजंट सगळं तपशीलवार लिहायला लागतो. बदल केल्यावर एसएमएस एजंट होस्ट ही सर्व्हिस (एजंटची सर्व्हिस याच नावानं दिसते) रीस्टार्ट करावी लागते. मी हे क्वचितच करते. नेहमीच्या पातळीवर कारण सापडत नसेल आणि बिघाड पुन्हा घडवून दाखवता येत असेल तरच. काम झालं की आठवणीनं परत १.

चिठ्ठी कोणाच्या हातात अडली

सीसीएमच्या फोल्डरात शेकडो फाइली बघून नवीन माणूस हबकतो आणि वर्णक्रमानं पहिली फाइल उघडून बसतो. तसं करू नका. सर्व्हरवरून निघालेलं काम मशीनवर एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या चिठ्ठीसारखं फिरतं, आणि प्रत्येक हाताची वही वेगळी आहे.

मशीनची सर्व्हरकडे नोंदणी झाली का, हे क्लायंट-आयडी-मॅनेजर-स्टार्टअप या लॉगमध्ये. मॅनेजमेंट पॉइंट (सूचना देणारा सर्व्हर) आणि डिस्ट्रिब्यूशन पॉइंट (फाइली देणारा सर्व्हर) सापडले का, हे लोकेशन-सर्व्हिसेसमध्ये. पॉलिसी, म्हणजे मशीननं काय करायचं याची सूचना, मागवली आणि ती आली का, हे पॉलिसी-एजंटमध्ये, आणि ती लागू झाली का हे पॉलिसी-इव्हॅल्युएटरमध्ये. मग ॲप-डिस्कव्हरी बघतो की सॉफ्टवेअर आधीच मशीनवर आहे का, आणि ॲप-इंटेंट-इव्हॅल ठरवतो की ते बसवायचं आहे की नाही. बसवायचं ठरलं तर फाइली आणायचं काम सीएएस, कंटेंट-ट्रान्सफर-मॅनेजर आणि डेटा-ट्रान्सफर-सर्व्हिस या तिघांकडे जातं. सगळ्यात शेवटी ॲप-एन्फोर्स इन्स्टॉलर चालवतो.

मी उलटीकडून सुरू करते. आधी ॲप-एन्फोर्स उघडते आणि युजरनं सांगितलेल्या वेळेच्या आसपास आपल्या ॲपची नोंद आहे का ते बघते. असेल तर चिठ्ठी शेवटच्या हातापर्यंत पोचली, म्हणजे नेटवर्क, पॉलिसी, डाउनलोड या सगळ्यांना एका फटक्यात सोडता येतं. नसेल तर एक पायरी मागे. तिथंही नसेल तर आणखी मागे. जिथं शेवटची नोंद सापडते त्याच्या पुढच्या हातात घोळ आहे. नेटवर्क टीमला फोन करण्याआधी हे पाच मिनिटांत होतं.

वाचण्यासाठी सीएमट्रेस हा लॉग दाखवणारा प्रोग्रॅम वापरा. क्लायंट बसवलेल्या मशीनवर तो बहुतेक वेळा सीसीएम फोल्डरातच असतो. नोटपॅडमध्ये हेच लॉग उघडले तर ओळीच्या पोटात वेळ, तारीख, थ्रेड असं सगळं कंसांत कोंबलेलं दिसतं आणि डोळे थकतात. सीएमट्रेसमधली एक सोय मात्र फार थोडे लोक वापरतात. फाइल उघडायच्या खिडकीत दोन-तीन लॉग एकदम निवडा आणि खालच्या मर्ज या चौकटीवर खूण करा. सगळ्या वह्या वेळेप्रमाणे एकात एक मिसळून समोर येतात. पॉलिसी ९:१२ ला आली, फाइली ९:१३ ला मागितल्या आणि मग ९:५८ पर्यंत काहीच नाही, अशी शांतता त्यात लगेच दिसते. बिघाडाचा माग मला बहुतेक वेळा अशा शांततेतच लागला आहे. लाल ओळींच्या मागे धावून वेळ जास्त गेला आहे. निरोगी मशीनच्या लॉगमध्येही लाल-पिवळ्या ओळी असतात, त्यामुळे एकटी लाल ओळ काहीच सिद्ध करत नाही.

थ्रेडचा, म्हणजे एजंटमधल्या एकेका चालू कामाच्या क्रमांकाचा, रकानाही बघत चला. एकाच वेळी तीन ॲप आणि दोन पॅच चालू असतील तर ओळी एकमेकींत घुसतात. तुमच्या ॲपच्या ओळीचा थ्रेड क्रमांक धरून ठेवला की बाकीचा गोंगाट बाजूला होतो.

तीन सेकंदांचं इन्स्टॉलेशन

हे तिकीट मी अजून नव्या मुलांना शिकवायला वापरते. हिशेबाचं एक सॉफ्टवेअर ४० मशीनवर पाठवलं होतं. कन्सोलवर, म्हणजे सर्व्हरकडच्या आमच्या पडद्यावर, जवळजवळ सगळी मशीन लाल, कोड ८७डी००३२४. युजरना विचारलं तर ते म्हणत होते, “आमच्याकडे आहे की. आम्ही सकाळपासून वापरतोय.” मॅनेजरना आकडे हवे होते, आणि टीममध्ये मत होत चाललं होतं की कन्सोलच चुकीचं दाखवतो आहे.

या कोडचा अर्थ एवढाच की इन्स्टॉलर चालला, संपला, पण त्यानंतर तपासणी केली तेव्हा ॲप सापडलं नाही. मी एका मशीनचा ॲप-एन्फोर्स उघडला. इन्स्टॉलेशन सुरू झाल्याची नोंद, कमांड लाइन, प्रोसेस संपल्याची नोंद आणि कोड ०. म्हणजे यश. त्याच्या पुढच्याच ओळीत तपासणी, आणि ॲप सापडलं नाही. शेवटच्या ओळीत एजंट कंसात सेकंद लिहितो, तिथं होतं ३.

तीन सेकंद. हेच सॉफ्टवेअर हातानं बसवताना मी घड्याळ लावून बसले होते, दोन मिनिटांहून जास्त लागली होती. मग ते तीन सेकंदांत बसेल कसं? ते बसलं नव्हतंच. त्या कंपनीचा सेटअप स्वतः काहीच बसवत नव्हता. तो आपल्या पोटातली फाइल उलगडायचा, दुसरी प्रोसेस सुरू करायचा आणि ‘झालं’ म्हणून निघून जायचा. एजंटनं त्याच्या ० वर विश्वास ठेवला, लगेच तपासलं, आणि त्या क्षणी ॲप खरंच नव्हतं. दोन मिनिटांनी आलं. पण पुन्हा तपासायची पाळी मुळात ७ दिवसांनी असते. युजरही खरं बोलत होते आणि कन्सोलही.

उपाय छोटा होता. सेटअप थेट न चालवता पॉवरशेलच्या (विंडोजची कमांड भाषा) स्टार्ट-प्रोसेसमधून, वेट हा पर्याय देऊन चालवला. वेट दिलं की ते मूळ प्रोसेसबरोबर तिच्यातून निघालेल्या प्रोसेसही संपेपर्यंत थांबतं. पुढच्या मशीनवर कंसात १४० च्या आसपास सेकंद आले आणि कन्सोल हिरवा झाला. ज्या मशीनवर ॲप आधीच बसलं होतं तिथं कंट्रोल पॅनेलमधल्या कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या ॲक्शन्स टॅबवरून ॲप्लिकेशन डिप्लॉयमेंट इव्हॅल्युएशन सायकल चालवली, तेवढं पुरलं.

तेव्हापासून मी कोडच्या आधी सेकंद वाचते.

हाच कोड सेकंद ठीक असतानाही येतो. तेव्हा तपासणीचा नियम चुकलेला असतो. इन्स्टॉलर एका आवृत्तीचा आणि नियमात दुसरीच आवृत्ती, किंवा सॉफ्टवेअर ३२ बिटचं आणि नियम ६४ बिटच्या रजिस्ट्रीत शोधतो आहे. चांगल्या मशीनवर रजिस्ट्री उघडून नियमातली की अक्षरशः तिथं आहे का ते बघा. अंदाजानं नियम बदलत बसू नका.

आकडे वाचायला शिका

काही कोड पाठच होऊन जातात. ३०१० म्हणजे काम झालं, रिबूट हवा. १६४१ म्हणजे इन्स्टॉलरनं स्वतःच रिबूट सुरू केला. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा. १६०३ हा सगळ्यात त्रासदायक, कारण तो फक्त ‘गंभीर चूक’ एवढंच सांगतो.

शून्य-एक्सनं सुरू होणारे लांबलचक कोड बघून घाबरायचं कारण नाही. सुरुवातीला ८००७ असेल तर शेवटचे चार अंक विंडोजचा साधा एरर क्रमांक असतो, फक्त हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या आकड्यांत. ८००७०००५ मधला ५ म्हणजे परवानगी नाही. ८००७०६४३ मधला ०६४३ दशमानात केला की १६०३ येतो, म्हणजे वरचाच जुना ओळखीचा. ८००७२ईई७ म्हणजे सर्व्हरचं नाव सापडलं नाही, ८००७२ईई२ म्हणजे सर्व्हरनं वेळेत उत्तर दिलं नाही. सीएमट्रेसमध्ये कंट्रोल-एल दाबून कोड टाकला की अर्थ समोर येतो.

१६०३ आला की एजंटच्या लॉगमध्ये आणखी काही मिळणार नाही, इन्स्टॉलरचाच लॉग लागतो. एमएसआय (विंडोजची नेहमीची इन्स्टॉलर फाइल) असेल तर कमांडमध्ये स्लॅश एल स्टार व्ही आणि लॉग फाइलचा पत्ता द्या. फाइल प्रचंड मोठी होते. तिच्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द शोधा आणि पहिल्यांदा जिथं सापडतील तिथून वर वाचा, खाली नाही. खालचं सगळं केलेलं काम मागे घेण्याचं असतं. एक अडचण इथं बऱ्याच जणांना खाते: हे लॉग बहुधा यूटीएफ-१६ मध्ये (अक्षरं साठवायची एक पद्धत) असतात, आणि कमांड प्रॉम्प्टवरची फाइंडस्ट्र ही शोधायची कमांड ते वाचू शकत नाही. ती एररही देत नाही, नुसतं काहीच दाखवत नाही, आणि आपल्याला वाटतं की शब्द फाइलमध्ये नाहीच. पॉवरशेलचं सिलेक्ट-स्ट्रिंग वापरा.

आणि ‘मी हातानं बसवलं तर बसतं, सर्व्हरवरून पुश केलं की बसत नाही’ असं कोणी म्हणालं तर आधी खात्याकडे बघा. एजंट लोकल सिस्टिम या खात्याखाली इन्स्टॉलर चालवतो. त्या खात्याला तुमचा मॅप केलेला ड्राइव्ह दिसत नाही आणि तुमच्या युजरची रजिस्ट्री त्याची नसते. सिसइंटर्नल्सच्या पीएसएक्झेकमधून सिस्टिम खात्याची खिडकी उघडा आणि तीच कमांड तिथं चालवून बघा. बिघाड पहिल्याच वेळी डोळ्यांसमोर येतो.

डाउनलोड शून्य टक्क्यांवर

सॉफ्टवेअर सेंटरमध्ये (युजरला मशीनवर दिसणारी सॉफ्टवेअरची यादी) डाउनलोड ०% वर थांबलेलं असेल तर ॲप-एन्फोर्समध्ये काहीच नसणार. सीएएस आणि कंटेंट-ट्रान्सफर-मॅनेजर उघडा. कंटेंट-ट्रान्सफर-मॅनेजर ‘कंटेंट लोकेशनची वाट पाहतो आहे’ अशा अवस्थेत अडकला असेल तर फाइली कुठून घ्यायच्या हेच मशीनला कोणी सांगितलेलं नाही. मला हे बहुतेक वेळा एकाच कारणानं दिसलं आहे: नेटवर्कवाल्यांनी नवा सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) सुरू केला आणि तो बाउंड्री ग्रुपमध्ये, म्हणजे कुठल्या पत्त्यांनी कुठल्या सर्व्हरकडून फाइली घ्यायच्या त्या यादीत, कोणी घातला नाही. मशीनचा आयपी बघा, बाउंड्री ग्रुप बघा. दुसरी शक्यता ही की पॅकेज त्या डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवर पोचलेलंच नाही. दोन्ही दुरुस्त्या सर्व्हरकडच्या आहेत, मशीनवर कितीही रिबूट केले तरी काही होणार नाही.

पॅचचं प्रकरण असेल तर अपडेट्स-डिप्लॉयमेंट आणि डब्ल्यूयूए-हँडलर बघा. विंडोज अपडेटचा स्वतःचा लॉग विंडोज १० पासून साध्या मजकुरात राहिलेला नाही. पॉवरशेलमध्ये गेट-विंडोजअपडेटलॉग चालवलं की वाचता येईल अशी फाइल डेस्कटॉपवर तयार होते.

इंट्यूनमध्ये हातांची संख्या कमी आहे, पण वाट बघावी लागते. विन३२ ॲप, म्हणजे विंडोजचं नेहमीचं सॉफ्टवेअर, सलग फसलं तर एजंट काही प्रयत्न करून थांबतो आणि पुन्हा २४ तासांनी बघतो. त्या मधल्या वेळेत लॉग शांत दिसला म्हणून एजंट मेला असं समजू नका. पॉलिसी लागली नाही अशी तक्रार असेल तर इंट्यूनच्या लॉग फोल्डरात शोधून उपयोग नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डिव्हाइसमॅनेजमेंट-एंटरप्राइझ-डायग्नोस्टिक्स-प्रोव्हायडर आणि त्याखाली ॲडमिन, तिथं ते लिहिलेलं असतं.

मॅकवर इन्स्टॉलेशनच्या नोंदी व्हार-लॉगमधल्या इन्स्टॉल लॉगमध्ये मिळतात. लिनक्सवर जर्नलसीटीएलला सर्व्हिसचं नाव आणि ‘सिन्स’, ‘अंटिल’ अशा दोन वेळा दिल्या की नेमका तेवढाच तुकडा समोर येतो.

घड्याळच चुकलं असेल तर

वेळेवर एवढा भर देते, त्याचं आणखी एक कारण आहे. एक लॅपटॉप बरेच महिने कपाटात पडून होता. चालू केल्यावर तो सर्व्हरशी बोलेचना. नेटवर्क ठीक, नाव सापडत होतं, तरी प्रत्येक प्रयत्नाला सर्टिफिकेटची तक्रार. मी लॉगमध्ये आजची तारीख शोधत होते आणि ती मिळत नव्हती. नोंदी होत्या, पण काही वर्षांपूर्वीच्या तारखेच्या. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली होती, घड्याळ मागे गेलं होतं, आणि त्या घड्याळाप्रमाणे सर्व्हरचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलं नव्हतं. वेळ दुरुस्त केली, बॅटरी बदलली, काम झालं. म्हणून लॉगची शेवटची ओळ आणि तुमचं घड्याळ एकदा शेजारी ठेवून बघा.

कुठलं काय बिघडलं हे ओळखायला काय बरोबर असतं ते माहीत असावं लागतं. मी एका पूर्ण व्यवस्थित चालणाऱ्या मशीनचा लॉग फोल्डर जपून ठेवला आहे. एजंटची आवृत्ती बदलली की तोही नवा घेते. शंका आली की दोन्हीकडचा तोच लॉग शेजारी शेजारी उघडायचा. एखादी भीतीदायक ओळ चांगल्या मशीनवरही असेल तर ती सोडून द्यायची.

हे लॉग बाहेर कोणाला पाठवणार असाल तर आधी स्वतः वाचा. ॲप-एन्फोर्समध्ये पूर्ण कमांड लाइन उतरते. कोणी लायसन्सची की किंवा सर्व्हिस खात्याचा पासवर्ड कमांडमध्ये दिला असेल तर तो तिथं उघडा पडलेला असतो. एमएसआयच्या लॉगमध्येही पॅकेज बनवणाऱ्यानं लपवायला सांगितलेल्या किमतीच लपतात, बाकीच्या नाहीत. मला एकदा असा पासवर्ड सापडला, तोही ज्या मशीनवर लॉगचा फोल्डर कोणालाही उघडता येत होता तिथं. त्या दिवशी मूळ तिकीट बाजूला ठेवून आधी पासवर्ड बदलून घेतला.

तिकीट बंद करताना मी ‘सोडवलं’ एवढं लिहीत नाही. त्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या तिकिटात असं लिहिलं होतं: “ॲप-एन्फोर्स, सकाळी ९:४१. कोड ०, पण ३ सेकंदांत. सेटअप स्वतः न थांबता दुसरी प्रोसेस सुरू करतो. स्टार्ट-प्रोसेसमधून वेटसह चालवावा. तपासणीचा नियम बरोबर आहे, त्याला हात लावू नये.” त्याच कंपनीची पुढची आवृत्ती आली तेव्हा मी रजेवर होते. टीममधल्या नव्या मुलानं ८७डी००३२४ शोधला, त्याला हे तिकीट सापडलं, आणि ४० मशीनवर पाठवण्याआधी त्यानं एका मशीनवर सेकंद मोजून बघितले.